गेड्रोसियाची वाट : सूड की फसलेला हिशेब?

बियासच्या काठी पुढे जाण्यास नकार देणाऱ्या सैन्याला अद्दल घडवण्यासाठीच अलेक्झांडरने त्याला परतीच्या वाटेवर गेड्रोसियाच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्यालगतच्या मकरानच्या, वाळवंटातून नेले, हे अलेक्झांडरवरील एका लेखातील मत मला पटले नाही. सूडच उगवायचा होता, तर इ.स.पू. ३२५ मध्ये त्याने हत्ती आणि निवृत्तीला आलेले सैनिक आपला सेनापती क्रेटेरस याच्या हाताखाली उत्तरेच्या सोप्या मार्गाने कशाला पाठवले असते आणि स्वतः ती खडतर वाट कशाला धरली असती? मला यात सूडापेक्षा फसलेला हिशेब दिसतो. किनाऱ्यालगत चालणाऱ्या सैन्याने नीआर्कसच्या आरमारासाठी विहिरी खणायच्या आणि धान्याचे साठे ठेवायचे, असा बेत होता. परंतु नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे आरमार सिंधूच्या मुखाशी अडकले आणि डोंगरांमुळे सैन्यालाही किनारा सोडावा लागला. दंतकथेतली राणी सेमिरामिस आणि इराणचा राजा सायरस यांना जे जमले नाही ते, म्हणजे या वाळवंटातून सैन्य सुखरूप नेणे, करून दाखवण्याची हौसही होतीच, हे प्राचीन ग्रीक इतिहासकार एरियन नोंदवतो.

एरियनच्याच वर्णनातला एक प्रसंग लेखात यायला हवा होता. भुकेलेले सैनिक ओझ्याची जनावरे मारून खात आणि ती तहानेने मेली असे सांगत. राजाला हे ठाऊक असूनही तो काणाडोळा करी. तहानेने होरपळलेल्या याच सैन्याचा तळ एका रात्री ओढ्याकाठी पडला असताना दूरवरच्या पावसाने लोंढा आला आणि सैन्यामागून चालणाऱ्या बहुतेक बायकामुलांना त्याने वाहून नेले. सैन्य तहानलेले असताना आपल्यासाठी आणलेले शिरस्त्राणातले पाणी न पिता वाळूत ओतणारा राजा सर्वांना आठवतो; हा लोंढा मात्र फारसा कुणाला आठवत नाही.