सही कुणाची?

प्रेमविवाहाला आई-वडिलांची लेखी संमती सक्तीची करा, असे ठराव महाराष्ट्रातल्या काही ग्रामसभांनी केले आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. आबाकाकांनी वर लिहिलं, "हे आपले संस्कार. तिकडं गोऱ्यांचं काय, आज लग्न अन् उद्या काडीमोड." तिकडं म्हणजे मी राहते तिथं, इंग्लंडात, नॉरिचला.

आबाकाका, गोऱ्यांनी हे सगळं कधीच करून ठेवलंय, आणि त्याला संस्कार म्हणायची तसदीही घेतली नाही. मामला जमिनीचा होता. सरदार मेला आणि वारस लहान असला, की त्या पोराची जमीन आणि लग्न ठरवायचा हक्क राजाकडे जाई. राजा तो हक्क विकायचा, नाहीतर मर्जीतल्याला देऊन टाकायचा. मार्गारेट बोफर्ट वर्षाची व्हायच्या आत बाप गेला. तिचा हक्क सफोकच्या सरदाराकडे गेला. त्याने तिला आपल्याच मुलाच्या गळ्यात बांधली. ते लग्न मोडून १४५५ मध्ये, बाराव्या वर्षी, तिला एडमंड ट्यूडरला दिली. १४५७ च्या जानेवारीत पेंब्रोकच्या किल्ल्यात ती बाळंत झाली तेव्हा वय तेरा, आणि नवरा आधीच वारलेला. ते बाळ म्हणजे इंग्लंडचा पुढचा राजा, सातवा हेन्री. नंतर आणखी दोन लग्नं झाली, मूल एकही नाही. नातीला स्कॉटलंडच्या राजाकडे लवकर धाडायची बोलणी निघाली तेव्हा हीच म्हातारी आडवी आली.

विधवांचीही सुटका नव्हती. ऑमालची काउंटेस हवीज हिने तिसऱ्या नवऱ्यामागे इंग्लंडच्या जॉन राजाला ५,००० मार्क (तेव्हाचं पैशाचं माप) कबूल केले. कशासाठी? आपला वारसा हाती राहावा आणि चौथा नवरा लादला जाऊ नये म्हणून. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाला लगाम घालणाऱ्या सनदेत, विधवेवर लग्नाची सक्ती नको असं कलम आलं, पण करायचंच झालं तर राजाची संमती हवीच. सही कुठं सुटली नाही.

आणि मार्जरी पास्टन तर आमच्या नॉरफकचीच. सरदारीण नव्हे, जमीनदाराची पोर. घरच्या दिवाणजीला तिने गुपचूप लग्नाचं वचन दिलं. भाऊ भडकला: माझ्या बहिणीने फ्रॅमलिंगम गावात दुकानात बसून मेणबत्त्या आणि मोहरी विकायची काय? १४६९ मध्ये नॉरिचच्या बिशपने तिला समोर उभं करून विचारलं, नेमके काय शब्द बोललीस? तिने सांगितले, आणि वर म्हणाली, एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून निघायच्या आत आणखी पक्कं करते. चर्चच्या कायद्यात दोघांचा शब्द पुरे होता, बिशपचा इलाज चालला नाही. आईने दार लावून घेतलं. दिवाणजीला मात्र पुढे कामावर ठेवलं; हिशेब कोण बघणार?

सही असली की पोर सुरक्षित, असंही काका म्हणतात. इथं २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत आई-बापाच्या संमतीने सोळाव्या वर्षी लग्न होत असे. त्याच संमतीच्या आडून पोरी बळजबरीने उजवल्या जात, म्हणून ती वाट बंद केली.

हीच माहिती मी कँटीनमध्ये उलटी वापरते. "तुमच्याकडं अजून घरचेच लग्न ठरवतात ना?" असं कुणी मान तिरकी करून विचारलं, की मार्गारेटचं तेरावं वर्ष त्यांच्या चहात टाकते. वर ऐकवते, आमच्याकडे मुलीचं वय १९७८ पासून अठरा आहे, तुम्ही आत्ता पोचलात. कायद्यातलं वय आणि ऊसतोडीला निघालेल्या बापाने घाईत उरकलेलं लग्न, यातलं अंतर तेव्हा मी गिळून टाकते. ते फक्त ग्रुपवर बोलायचं.

"तू आता तिथली झालीस, तुला काय कळणार," आबाकाकांनी लिहिलं. माझं लग्न बाबांच्या सहीशिवाय सातारच्या नोंदणी कार्यालयात झालं, तेव्हा साक्षीदार म्हणून कोण आलं होतं हे ते विसरले असतील. मी विसरले नाही, म्हणून त्यांच्याशी भांडते तरी. आता लेक सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला आहे. तिच्या लग्नाला माझी सही लागणार नाही, हे मी कँटीनमध्ये अभिमानाने सांगते. तिने विचारावं तरी, असं वाटतं ते कुणालाच सांगत नाही.