पावती राक्षसाच्या नावावर

परवा संध्याकाळी माझ्या नावाची 501 रुपयांची पावती फाडली गेली आणि नावापुढे 'राक्षस' असं लिहिलं गेलं. पावती अजून खिशात आहे. राग यायला नको होता, पण येतोय.

आमच्या घरात वायफाय आहे, मोबाइलला रेंज नाही. ओटीपी हवा असेल तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, काजीच्या शेवटच्या झाडापाशी जाऊन उभं राहावं लागतं. मी तिथे एका अमेरिकी ॲपची वर्गणी भरायला गेलो होतो. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतो, आणि ॲप त्याच खेळाचं. दोघे पुण्याला, एक मुंबईत, एक कुडाळात आणि मी. गोष्ट मी सांगतो, म्हणून पुस्तकं, नकाशे आणि खर्च हेही माझ्याकडेच. त्या ॲपवर फुकटात गोष्टीतली सहाच पात्रं ठेवता येतात, आणि माझ्याकडून एक जादूगार नीट जमेपर्यंत पाच वाया गेले होते. महिन्याला तीनेक डॉलर भरले की हवी तेवढी पात्रं. सहाएक डॉलर भरले की आपण घेतलेली पुस्तकं अख्ख्या कंपूला वाचता येतात. पुस्तकं मात्र वेगळी विकत घ्यायची. म्हणजे मेसची महिनावारी भरायची आणि भात-आमटीचे पैसे निराळे.

हे सगळं मला माहीत होतं. तरी कार्डाचा नंबर टाकून मी फोन आभाळाकडे धरून उभा होतो. एवढ्यात वरच्या वाडीतले आबा आले. काखेत पावतीपुस्तक.

"कोणाक दाखवतंस रे फोन?"

"ओटीपी येतोय, आबा. वर्गणी भरतोय."

'वर्गणी' म्हणालो तिथेच चुकलो. आबांनी पावतीपुस्तक काखेतून काढून मांडीवर घेतलं आणि दगडावर बसले.

"खयच्या देवळाची?"

देवळाची नाही, खेळाची, म्हणालो. आता हा खेळ आबांना कसा सांगायचा? म्हटलं, पाच जण बसायचं. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. पुढे राक्षस आला की काय करायचं ते ज्याने त्याने बोलायचं. लिहिलेलं काही नसतं.

आबा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"मेल्या, ह्यो दशावतार."

आबांनी तरुणपणी बरीच वर्षं दशावतारी नाटकात संकासुर, म्हणजे त्यातला राक्षस, केला आहे. तोंडाला काळं, लांब लाल जीभ, जत्रेची पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर उभं राहायचं ते दहीकाल्यापर्यंत. नाटक सुरू व्हायच्या आधी मुख्य नट कथानक सांगणार, पुढचं ज्याने त्याने तोंडाने रेटायचं. पायपेटी, मृदंग आणि झांज तेवढी सोबतीला. हे त्यांनी मला सगळं सांगितलं. मला ते माहीत होतं, तरी ऐकावं लागलं. मधे ओटीपी आला. मी नंबर टाकेपर्यंत मुदत संपली.

"पण आबा, आमच्यात फासे असतात. वीस बाजूंचा फासा. तलवार लागली की नाही ते फासा ठरवतो."

"फासो ठरयता?" आबांना खरंच वाईट वाटलं असावं. "मगे तू काय करतंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

मी विषय इतिहासाकडे वळवला. म्हटलं, 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी माणसांनी हा खेळ काढला. आता त्याची मालकी मोठ्या खेळणी कंपनीकडे आहे. 2023 च्या जानेवारीत नियमांचा परवाना बदलायचा घाट घातला, तेव्हा खेळाडूंनी चिडून वर्गण्या बंद केल्या, आणि कंपनीला मूळ नियम कायमचे सगळ्यांसाठी मोकळे करावे लागले.

"म्हंजे फुकट आसा?"

"मूळ नियम, हो."

"आणि तू पैशे भरूक सड्यार चढलंस."

माझ्या आजीच्या पेटीत सावंतवाडीच्या गंजिफाचा, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांचा, एक संच होता. दशावतारी. 10 अवतारांचे 10 रंग, प्रत्येकी 12 पानं, 120 गोल पानं. एकदा घेतला तो घेतला. आजी गेली, पेटीला वाळवी लागली, पण 'आपली मुदत संपली आहे' असं परशुरामाने कधी तिला कळवलं नाही. हे मी आबांना नाही सांगितलं. त्यांनी तेही स्वतःच्या बाजूने धरलं असतं.

दुसरा ओटीपी आला. या वेळी मुदतीत नंबर टाकला, तर बँकेने परदेशी व्यवहार बंद असल्याचं कळवलं. तो चालू करायला पुन्हा ओटीपी. आबा हे सगळं बघत होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"किती भरूचे हुते?"

"पाचशेच्या वर."

"501 लिवतंय. जत्रा कार्तिकात आसा, रातभर बघ. थयसर फासो नाय."

नाव विचारलं नाहीच. लहानपणापासून ओळखतात. पण नावापुढे राक्षस का, तर म्हणे खेळात तू राक्षस चालवतंस ना. पैसे यूपीआयने गेले. तेवढ्यासाठी मात्र सड्यावर रेंज फुल होती.

घरी येऊन मी कंपूच्या ग्रुपवर सगळा हिशेब टाकला. सहा डॉलरचे पाच भाग, माणशी शंभर-सव्वाशे रुपये. पुण्याच्या एकाने हसणारा चेहरा पाठवला. मुंबईकर म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. हेच लोक एका संध्याकाळी कॉफीवर चारशे घालवतात आणि माझ्या पुस्तकांवर दोन वर्षं खेळलेत. कुडाळकराने अजून वाचलेलंच नाही. वाचल्याची निळी खूण मात्र आहे.

काल आबा स्वतःहून घरी आले. शनिवारी बघायला येतो म्हणाले. मग म्हणाले, बघायला कशाला, माकाय खेळात घे. त्यांच्यासाठी पात्र तयार करायला बसलो. नाव संकासुर, जात राक्षसाच्या जवळपासची, जीभ कुठे भरायची ते कळलं नाही. शेवटचं बटण दाबलं तर पडद्यावर चौकट आली. फुकट खात्यात सहाच.

आबा चष्मा लावून वाचत होते.

"कोणाक काढतंस?" त्यांनी विचारलं.