खुलासा : पहिल्या सोनोग्राफीसाठी पाचव्या महिन्याची वाट पाहू नका

‘पाचवा महिना लागेपर्यंत सोनोग्राफी करू नये, किरणांनी गर्भाला इजा होते,’ असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात.

गर्भाचे वय सर्वांत अचूक कळते ते पहिल्या तीन महिन्यांतच. शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसेल (अनेकींना नसते, त्यात लाजण्यासारखे काही नाही), तर प्रसूतीची तारीख याच तपासणीवरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनाही २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवते. रक्तस्राव किंवा पोटात तीव्र दुखणे असेल, तर एक दिवसही थांबू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत रुजला असेल तर आईच्या जिवावर बेतते.

उशिराची खरी कारणे वेगळीच असतात. नाव नोंदवायला उशीर, केंद्र तालुक्याला, बुडणारी मजुरी, ऊसतोडीचे स्थलांतर. काही घरांत कायद्याची धास्ती असते. १९९४चा कायदा गर्भलिंगनिदानाला बंदी घालतो, सोनोग्राफीला नव्हे. ‘फॉर्म एफ’ (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा कायद्याने ठरवलेला अर्ज) भरून ठेवणे ही केंद्राची जबाबदारी आहे. पाळी चुकली की आशाताईंना लगेच सांगा आणि पहिली सोनोग्राफी कुठे, कधी होईल हे त्याच भेटीत विचारून घ्या.