सोडू का?

काल संध्याकाळी शेजारचे काका फाटकाशी उभे राहून कुणाला तरी सांगत होते, "ब्रेक ना? मीच करून दिले त्याचे." मी तेव्हा पिकअपखाली होतो. बाहेर फक्त माझे पाय दिसत होते, आणि नुसत्या पायांनी माणसाला आपली बाजू मांडता येत नाही.

पिकअप २० वर्षांची. ब्रेक पुढे डिस्कचे, मागे ड्रमचे. तक्रार एवढीच, की पेडल मऊ लागतंय. पहिल्यांदा मारलं की खोल जायचं, लागोपाठ दोन-तीनदा मारलं की वर येऊन घट्ट व्हायचं. मी लगेच निदान केलं : ब्रेकच्या तेलात एअर धरलीय. निदान कसलं, सवय! माणूस शिंकला की 'हवा बदललीय' आणि ब्रेक बिघडले की 'हवा शिरलीय', यापुढे आपलं वैद्यक जात नाही.

एअर काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे तेल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, किंचित ढिलं करायचं, बुडबुड्यांसकट तेल नळीतून बाटलीत येऊ द्यायचं, निपल आवळायचं, आणि मगच पेडलवरचा पाय काढायचा. निपल उघडं असताना पाय निघाला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पहिल्यापासून सुरुवात. दुसरा माणूस म्हणून काका आपण होऊन आले. मी बोलावलं नव्हतं, हे नमूद करून ठेवतो.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. सोडतोय."

वर फट् असा आवाज झाला. बाटलीतलं तेल माझ्या डोळ्यांदेखत नळीतून परत निघालं.

"काका, पाय का काढलात?"

"तूच म्हणालास, सोड."

"मी म्हटलं सोड*तोय*. मी सोडतोय."

"पेडलवर पाय माझा. तू कसा सोडणार?"

"मी निपल सोडतोय!"

"मग निपल म्हण की. मला वरून काय दिसतंय?"

यात त्यांचं चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही, आणि राग त्याचाच आहे. आपल्या भाषेत नट सोडतात, पाणी सोडतात, गाडी सोडतात, नोकरी सोडतात आणि पेडलही सोडतात. पुढच्या खेपेला मी ओरडलो, "सोडू नका!" ते त्यांना 'सोडू' इथपर्यंतच पोचलं. मग मी आकडे ठरवले. एक म्हणजे दाबा, दोन म्हणजे धरा, तीन म्हणजे पाय काढा.

"दोनला धरायचं, की दोनपर्यंत धरायचं?"

"दोनला धरा, तीनपर्यंत."

"म्हणजे तीनलापण धरायचं?"

असं करत तीन चाकं झाली. चौथ्याला, ऐन दोनवर, काकांचा फोन वाजला. केबिनमध्ये नीट ऐकू येत नाही म्हणून ते खाली उतरले आणि फाटकापर्यंत जाऊन बोलत राहिले. परत आल्यावर, आपण तरुणपणी ब्रेक नसलेली स्कूटर चपला घासून कशी थांबवायचो, ते सांगितलं. मी अर्थातच गाडीखालून ऐकलं.

एक लिटर ब्रेक ऑइल गेलं. थोडं मडगार्डवर सांडलं. हे तेल रंग खातं, त्यामुळे तिथे आता एक कायमचा नकाशा आहे. जुनं तेल बदललं गेलं हे बरंच झालं म्हणा, कारण ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हद्द १४० वर येऊ शकते. पण पेडल? जसंच्या तसं.

खरं तर पेडल पहिल्या दिवसापासून बोंबलून सांगत होतं. आत हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं. पायाखाली हळूहळू बुडत गेलं तर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाच्या, रबरांवर संशय घ्यायचा. आणि पहिल्यांदा खोल, पण पंप केल्यावर वर येऊन घट्ट, म्हणजे आधी मागचे ड्रम बघायचे. ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे शू झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात. ते टेकेपर्यंतच पेडलचा निम्मा प्रवास संपतो. हे मला माहीत होतं. माहीत असून मी दोन दिवस बुडबुडे मोजत बसलो.

ती झीज भरून काढणारे ॲडजस्टर आपोआप फिरायला हवेत. बऱ्याच गाड्यांत ते रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावरच फिरतात, आणि माझे तर गंजून बसलेले. काल ते साफ केले, ड्रम परत चढवले, हँडब्रेक उतरवला आणि मागच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर घालून एकेक दात फिरवत गेलो. टक, टक, टक. चाक जरा घासायला लागलं की थोडं मागे घ्यायचं. एकट्याचं काम. कुणी काही सोडायचं नाही, धरायचं नाही. नेमकं त्याच वेळी फाटकाशी ते भाषण चाललं होतं.

मी बाहेर येईपर्यंत काका केबिनमध्ये चढून बसले होते. त्यांनी ब्रेक दाबला. पेडल वरच्या वर, दगडासारखं घट्ट.

"बघ," ते म्हणाले, "एअर निघायला दोन दिवस लागतातच."

मी हात पुसत होतो. त्यांचा डावा पाय क्लचवर गेला. एकदा दाबून बघितलं, पुन्हा दाबून बघितलं.

"हापण मऊच आहे रे," काका म्हणाले. "सोडू का?"