धामणीचा पीळ

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा वाक्यात उपयोग मी शाळेत असताना अनेकदा केला होता; परंतु वैशाखाच्या भर दुपारी, घरामागच्या बोळात, हातात हीट गन घेऊन तिचा प्रत्यक्ष पडताळा घेण्याची वेळ माझ्यावर येईल, असे तेव्हा मास्तरांनाही वाटले नसेल.

या सगळ्याचे मूळ शिवजयंतीच्या मिरवणुकीत आहे. दांडपट्टा फिरवणारी मुले पाहिली की पन्नाशी ओलांडलेल्या कोल्हापूरकरालाही आपल्या मनगटात अजून काहीतरी शिल्लक आहे असा भास होतो. दांडपट्ट्याने घरातल्या ट्यूबलाइटा शिल्लक राहिल्या नसत्या, म्हणून मी धनुष्यबाणाकडे वळलो, आणि धनुष्य विकत न घेता स्वतःच्या हाताने एका अखंड लाकडातून घडवायचे, असे चारचौघांत बोलून बसलो. चारचौघांत बोललेले मागे घेण्याची पद्धत आमच्या पेठेत नाही.

गगनबावड्याकडे शेत असलेल्या एका मित्राच्या बांधावरची धामण वळवाच्या वाऱ्यात उन्मळून पडली होती. धामणीला संस्कृतात धनुर्वृक्षच म्हणतात; तिचे लाकूड चिवट आणि लवचिक असल्यामुळे कावडीच्या आणि हत्यारांच्या दांड्यांना ते पूर्वीपासून वापरत आले आहेत. याच नावाचा एक सापही असतो, याची आठवण मला त्या वेळी कोणीतरी करून द्यायला हवी होती.

असा ओंडका करवतीने कापायचा नसतो, पाचरी ठोकून फोडायचा असतो, कारण चीर लाकडाच्या तंतूंच्या वाटेने जाते आणि टोकापासून टोकापर्यंत तंतू अखंड राहिले तरच धनुष्य वाकवताना पाठीवर तडकत नाही. मी पाचरी ठोकल्या. वरच्या टोकाला घड्याळातल्या बाराच्या जागी निघालेली चीर सहा फुटांवरच्या खालच्या टोकाला एकच्या जागी पोहोचली. झाडाने वाढताना आपले तंतू खोडाभोवती जिन्यासारखे गोल चढवत नेले होते, आणि ते गुपित सालीच्या आत राखून ठेवले होते. टोकांना रंग फासून मी तो तुकडा वर्षभर माळ्यावर वाळत ठेवला. मनात आशा अशी, की वाळता वाळता तो सुधारेल. तो सुधारला नाही.

आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी एक डोळा मिटून तो टोकाकडून पाहिला आणि निकाल दिला, "सर, ह्यो दांडा न्हवं, जिलबी हाय. चुलीत घाला." वखारीत नेऊन तो सरळ चिरून घ्यावा, हा माझा पर्याय मात्र त्यांनीच हाणून पाडला. वरून सरळ दिसणाऱ्या फळीत तंतू तिरपे कापले जातात आणि मोडायचे तिथेच मोडते, हे त्यांनी मला कुऱ्हाडीचा एक मोडका दांडा दाखवून पटवले.

ज्या गावात मिशीला आणि दंडाला पीळ असणे हे भूषण मानले जाते, तिथे लाकडाला पीळ आहे म्हणून हळहळणारा मी एकटाच होतो. नातेवाईक माझे चार शब्द ऐकून घेत आणि मग "किती पिळताय!" म्हणून उठून जात. आल्प्समध्ये १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळही १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते आणि तेसुद्धा अर्धवट घडवलेलेच होते, हे मी सौभाग्यवतींना मोठ्या आशेने सांगितले. "म्हणूनच तो घर सोडून डोंगरात गेला असेल," असे म्हणून त्या आत गेल्या.

पीळ काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. धनुष्याच्या भुजा आधी रंध्याने आणि कानशीने जवळजवळ शेवटच्या जाडीपर्यंत उतरवायच्या, कारण जाड लाकूड कोणाचे ऐकत नाही. मग मूठ शिकंज्यात पकडायची, टोकाला फडके गुंडाळून मोठा पाना लावायचा, मधला भाग सावकाश तापवायचा आणि पाना उलट्या दिशेने, हवा त्याहून थोडा जास्तच फिरवायचा. लाकूड सुटल्यावर काही अंशी मागे येतेच. लाकूड करपू नये म्हणून मी त्यावर गोडेतेल चोळले, तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून, भजी कोणत्या पिठाची आहेत, अशी चौकशी केली.

तीन दुपारी घालवल्यानंतर वरची भुजा सरळ झाली. खालची जराही हलली नाही. आणि इथेच माझी खरी फजिती झाली, कारण दोरी चढवून पाहतो तर ती मुठीच्या मध्यावरून न जाता थेट बाजूने चाललेली! पहिल्यांदा दोन्ही भुजांना सारखाच, पण परस्परविरुद्ध पीळ होता, पंख्याच्या पात्यांसारखा. त्यामुळे एक भुजा जेवढी डावीकडे ओढत होती, तेवढीच दुसरी उजवीकडे ओढत होती आणि दोरी मुठीवर मध्यात राहत होती. एवढा, दोन्हीकडे सारखा वाटलेला पीळ धनुष्याला चालतो. मी तीन दुपारी घाम गाळून त्यातला फक्त अर्धा काढला होता, म्हणजे बिघडवण्याला जेवढा लागतो तेवढाच.

चिडून मी ते धनुष्य मागच्या पडवीत खुंटीला अडकवले. मग मिरगाचा पाऊस सुरू झाला, पंचगंगेने पात्र सोडले, भिंतींना ओल आली, पापड सादळले, आणि हवेतला दमटपणा पिऊन धामणीची वरची भुजा, कोणालाही न विचारता, आपल्या मूळ पिळाकडे परत गेली.

ओल्या अंगाने वाकवले तर धनुष्य कायमचे पोक काढते, म्हणून मी मनावर दगड ठेवून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबलो. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागले, शेजारी मिक्सर आणि स्कूटर होती. त्यानंतरच्या रविवारी मित्राच्या शेतात, वीस पावलांवरच्या कडब्याच्या पेंढीत पहिलाच बाण जाऊन बसला. दोरी बरोबर मध्यात होती.

सुतारमामा मुद्दाम बघायला आले होते. त्यांनी पुन्हा एक डोळा मिटून धनुष्य टोकाकडून न्याहाळले, पीळ आहे तसाच आहे याची खात्री करून घेतली, आणि ते जमलेल्या मंडळींकडे वळून म्हणाले, "म्या सरांना पयल्या दिवशीच म्हटलं हुतं, पावसाची वाट बघा."