एफिशियन्सी किती, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा

वीज साठवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, एफिशियन्सी किती? लिथियम बॅटरी भरलेल्या विजेतलं ८५-९० टक्के परत देते, आणि लोखंड-हवा बॅटरी निम्मंसुद्धा देत नाही म्हटलं की समोरचा हसतो आणि विषय संपतो. माझं म्हणणं, इथंच आपण फसतो.

गणित बघा ना. रोज संध्याकाळी चार तास चालणारी बॅटरी वर्षात ३०० वेळा भरते, रिकामी होते, तिचा खर्च ३०० ठिकाणी वाटला जातो. पण आठवडाभर वारा पडलाय, आभाळ दाटलंय, सोलर झोपलंय, अशा वेळेसाठी राखून ठेवलेली बॅटरी वर्षात पाचदा कामी आली तर तीच बॅटरी दर खेपेला ६० पट महाग पडली की! मग तिथं किती वीज वाया गेली यापेक्षा बॅटरी कशाची बनवलीय आणि ते किती स्वस्तात मिळतं हे बघायचं. आणि भरायची वीज तरी कुठली, तर भर दुपारी जास्त झाली म्हणून सोलर प्लांट बंद करायला लावतात, ती.

म्हणून मला ही गंजणारी लोखंड-हवा बॅटरी आवडते. वीज देताना लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं, चार्ज केलं की गंजाचं परत लोखंड, बास. फॉर्म एनर्जी नावाची अमेरिकन कंपनी सलग १०० तास चालेल अशी बनवतेय, कारखाना वेस्ट व्हर्जिनियात, तोही जुन्या स्टील मिलच्या जागेवर (हे मला फार भारी वाटतं).

फिनलंडात तर २०२२ पासून १०० टन वाळू विजेवर ५००-६०० अंशांपर्यंत तापवून ठेवतायत, साधारण ८००० युनिट उष्णता मावते त्यात. पण ती उष्णता म्हणूनच वापरतात, घरं गरम करायला. तिची परत वीज करायला गेलात तर बरंच हातचं जाणार.

आणि वीज साठवायला क्रेनने काँक्रीटचे ठोकळे उचलायचे ते व्हिडिओ कृपया पाठवू नका. एक टन वजन १०० मीटर वर नेलं तर साठते जेमतेम पाव युनिट! धरणातलं पाणी वर चढवून साठवणं परवडतं कारण पाणी कोट्यवधी टन असतं आणि डोंगर आयता मिळतो.

धास्ती मला लिथियमचीच आहे. २०१० पासून ती जवळजवळ ९० टक्के स्वस्त झालीय, अजून उतरतेय, आणि हे गंजवाले मोठ्या प्रमाणावर बॅटऱ्या बनवायला लागेपर्यंत ती कुठं पोचलेली असेल कोण जाणे.