जशास तसे, पण कुणाच्या खिशातून?

गणेश चतुर्थीला, म्हणजे २७ ऑगस्ट २०२५ ला, घरच्या ग्रुपवर गणपतीच्या फोटोंच्या मधोमध धाकट्या भावाचा मेसेज आला. त्याच दिवशी बऱ्याचशा भारतीय मालावरचं अमेरिकेचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर गेलं होतं. आधीचे २५ आणि रशियाचं तेल घेतल्याबद्दल वर आणखी २५. पाचच दिवसांपूर्वी कॅनडाने जाहीर केलं होतं की बहुतेक अमेरिकी मालावरचं आपलं प्रत्युत्तराचं शुल्क १ सप्टेंबरपासून उठेल. भावाने दोन्ही बातम्यांची मोट बांधली : "दादा, तुझ्या कॅनडानं शेपूट घातलीच की शेवटी! आपण नाही घालायची. जशास तसे. त्यांच्या झाडून सगळ्या मालावर शंभर टक्के लावा." खाली मामा, आत्या, चुलतभाऊ, सगळ्यांचे अंगठे.

मी तेव्हा गप्प बसलो. तीन आठवडे झाले, ते 'शेपूट' मनातून जात नाही.

मी कॅनडात, अमेरिकेच्या सीमेवरच्या विंडसरला राहतो. घरी येताना नदीकाठचा रस्ता लागतो आणि समोर डेट्रॉइट दिसतं. आमच्या शॉपमध्ये गाड्यांच्या भागांचं मशिनिंग चालतं. कॅनडातल्याच हॅमिल्टनचं पोलाद आमच्याकडे येतं, हीट ट्रीटमेंटला पूल ओलांडून मिशिगनला जातं, ग्राइंडिंगला परत येतं आणि असेंब्लीसाठी पुन्हा पलीकडे जातं. १९६५ च्या ऑटो पॅक्टपासून, म्हणजे गाड्यांच्या व्यापाराच्या दोन्ही देशांतल्या करारापासून, दोन्ही काठांचा धंदा असाच एकमेकांत विणलेला आहे. एकच भाग सहा-सात वेळा पूल ओलांडतो, त्यात आम्हाला कधी काही विशेष वाटलं नाही. अशा ठिकाणी बसून 'जशास तसे' म्हणायचं, तर ते नेमकं कुणाला म्हणायचं?

तरीही कॅनडाने ते म्हटलं होतं, हे भावाला आठवत नाही. ४ मार्चला अमेरिकेने कॅनडाच्या बहुतेक मालावर २५ टक्के लावले, त्याच दिवशी कॅनडाने ३० अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर २५ टक्के लावले. संत्र्याचा रस, पीनट बटर, बर्बन, मोटारसायकली. १२ मार्चला पोलाद आणि अॅल्युमिनियमवर अमेरिकेचा घाव बसला, दुसऱ्या दिवशी कॅनडाची आणखी २९.८ अब्जांची यादी निघाली. त्या आठवड्यात मी एलसीबीओत, म्हणजे इथल्या सरकारी दारूच्या दुकानात, गेलो होतो. कॅलिफोर्नियाच्या वाइनचे खण रिकामे, पण किमतीच्या पट्ट्या खाली तशाच चिकटलेल्या. एक आजोबा त्या रिकाम्या खणासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि नायगाराची, म्हणजे इथल्याच वाइनची, बाटली घेऊन रांगेत लागले. ना घोषणा, ना पुतळा जाळणं. आमच्या शॉपमधल्या निम्म्या लोकांनी उन्हाळ्यात पलीकडे पाऊल टाकलं नाही, खिशात सीमा झटपट ओलांडायचं नेक्सस कार्ड असून. मला त्या लोकांचा अभिमान वाटला आणि तो मी लपवणार नाही. देशप्रेम असं मुकाट्यानेही करता येतं, हे मी इथे शिकलो.

पण दुसऱ्या यादीत कारखान्यात लागणारी हत्यारंही होती. आमच्या नेहमीच्या अमेरिकी पुरवठादाराचं बिल आलं, तेव्हा काही टूल्सवर २५ टक्के वेगळ्या ओळीत लिहून आले. ते पैसे अमेरिकेने भरले नाहीत, आम्ही भरले. सीमेवर शुल्क आयात करणाराच भरतो आणि आपण लावलेलं शुल्क पहिल्यांदा आपल्याच माणसाच्या अंगावर येतं. मग रेमिशनचे, म्हणजे शुल्कमाफीचे, अर्ज, कागदपत्रं, वाट बघणं. ही गोष्ट मी भावाला फोनवर दोनदा सांगितली. तो म्हणतो, "मग काय मार खात बसायचं?"

मार खा असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, ठोसा मारताना आपल्या मुठीची हाडं किती मोडतात ते मोज. २०२४ मध्ये कॅनडाची जवळपास तीन चतुर्थांश निर्यात एकट्या अमेरिकेला गेली, भारताची साधारण पाचवा हिस्सा. पोलाद, अॅल्युमिनियम आणि गाड्यांवरचं शुल्क कॅनडाने तेव्हाही ठेवलंच. जे उठवलं ते अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार करारात बसणाऱ्या मालावरचं, कारण अमेरिकेनेही करारात बसणारा कॅनडाचा माल मार्चमध्येच वगळला होता. याला शेपूट घालणं म्हणायचं असेल, तर २०१८ मध्ये भारताने काय केलं? पोलादावरच्या शुल्काला उत्तर म्हणून बदाम, अक्रोड, सफरचंदांची यादी काढली आणि वर्षभर तारखा पुढे ढकलल्या. अमेरिकेने जीएसपीची, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला दिलेली शुल्काची, सवलत काढून घेतली, तेव्हा कुठे जून २०१९ मध्ये ते शुल्क लागलं. सप्टेंबर २०२३ मध्ये बदाम-सफरचंदांवरचं उठलंसुद्धा. तेव्हा ग्रुपवर त्याला मुत्सद्देगिरी म्हणत होते.

भाऊ लगेच कॅनडाच्या लोण्यावर येतो. ठरलेल्या कोट्याच्या वर आयात होणाऱ्या लोण्यावर इथे २९८ टक्के शुल्क आहे, हे त्याला कुठूनतरी कळलंय. दुधाचा विषय वेगळा आहे, त्यात इथल्या गावांचं सगळं जगणं अडकलेलं आहे. भारत तरी दूधदुभतं कुठे मोकळं सोडतो?

त्याला जे कळत नाही ते हे, की इथल्या माणसाला टक्क्यांपेक्षा मित्राने मारल्याचं लागलंय. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं, तेव्हा न्यूफाउंडलंडमधल्या गँडर या छोट्या गावात ३८ प्रवासी विमानं उतरली आणि गावाने त्या हजारो माणसांना काही दिवस जेवूखाऊ घातलं. अफगाणिस्तानात अमेरिकेच्या साथीला गेलेल्या कॅनडाच्या १५८ सैनिकांचा जीव गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या पावलावर पाऊल टाकून कॅनडाने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के शुल्क लावलं. चीनने मार्चमध्ये त्याचा बदला घेतला, कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि वाटाण्यावर १०० टक्के लावून. त्याच महिन्यात, ज्याच्या साथीसाठी हे ओढवून घेतलं त्या मित्रानेही शुल्क लावलं. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या शेतकऱ्याला दोन्हीकडून मार. भारताचं आणि अमेरिकेचं असं नातं कधी नव्हतंच, म्हणून भारताचा राग वेगळा आणि कॅनडाचं दुःख वेगळं. दोन्ही एका तागडीत टाकले की माझं डोकं फिरतं.

आणि 'तुझा कॅनडा' म्हटलं की जास्तच फिरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांचं बिनसलं, भारताने कॅनेडियन नागरिकांचे व्हिसा थांबवले. माझ्याकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, होतं, माझं काही अडलं नाही. पण ग्रुपवर मी एका रात्रीत 'तुम्ही लोक' झालो. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये एकाने अगदी साधेपणाने विचारलं, "तुमच्या सरकारचं म्हणणं काय आहे?" त्याचं 'तुमचं' भारत होतं, घरच्यांचं 'तुमचं' कॅनडा. माझं 'आमचं' कुठलं, हे त्या दिवशी मला कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं का, ठाऊक नाही.

आता जे भावाला सांगितलेलं नाही ते लिहितो. तो कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत, एका फाउंड्रीत आहे. ऑर्डरी आटल्यामुळे त्यांची तिसरी शिफ्ट जुलैपासून बंद आहे. २०२५ मध्ये गाड्यांच्या भागांवर भारताला अमेरिकेत २५ टक्के लागत होते, करारात बसणाऱ्या आमच्या भागांवर शून्य. गेल्या मंगळवारी मिशिगनच्या एका ग्राहकाने आमच्याकडे एका हाउसिंगचं, म्हणजे यंत्राच्या बाहेरच्या कवचाचं, कोटेशन मागवलं. आत्तापर्यंत हा भाग त्यांना भारतातून यायचा. ड्रॉइंगवर पुरवठादाराचं नाव खोडलेलं होतं. सोबत जुना नमुना होता, कास्टिंगवर अजून वाळूचे बारीक दाणे. मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. कोल्हापूरचाच असेल असं नाही, राजकोटचा असेल, कोइम्बतूरचा असेल. अंगठ्याने घासलं तर वाळू बोटाला लागली.

शुल्क धरून भारतीय भाग त्यांना कितीला पडत असेल त्याचा हिशेब केला, आमची किंमत त्याच्या जरा खाली बसवली आणि बुधवारी दुपारी कोटेशन पाठवून दिलं. संध्याकाळी भावाचा फोन आला होता. मी उचलला नाही.